चापेकर चौक ते चाकण: साथ दोन महिने आधी कळली तर?

आजची गोष्ट चिंचवडच्या चापेकर चौकातून सुरू करूया. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ याच गावचे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण शाळेत शिकलोय. पण हा रँड पुण्यात करत काय होता? तर, प्लेग आवरायला आला होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सापडला आणि काही महिन्यांत तो पुण्यात शिरला. ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने साथरोग कायदा केला. हो, तोच कायदा, जो २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी पुन्हा बाहेर काढला. मग गोरे सोल्जर घराघरांत घुसले, माणसं छावणीत नेली, सामान जाळलं. प्लेगचा जंतू १८९४ लाच सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवांमधून माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं १८९८ मध्ये. म्हणजे झडत्या सुरू होत्या तेव्हा नेमकं काय शोधायचं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. साथ दारात येऊन ठेपली की सरकारला घाई होते, आणि घाईत दंडुका निघतो.

म्हणून मला नेहमी वाटतं, दोन महिने आधी कळलं असतं तर?

असा प्रयत्न लवकरच झाला, पण पंजाबात. १९०८ च्या पावसाळ्यानंतर तिथे मलेरियाने लाखो माणसं गेली. क्रिस्टोफर्स नावाच्या डॉक्टरांनी १९११ च्या अहवालात दाखवलं की जोरदार पाऊस आणि महागलेलं धान्य एकत्र आलं की मलेरिया भडकतो. त्याच धाग्यावर सी. ए. गिल यांनी १९२१ पासून साथीचे अंदाज द्यायला सुरुवात केली. पाऊस किती झाला, गव्हाचा भाव काय, किती मुलांची प्लीहा सुजलीय, एवढ्यावर हिशेब. शंभर वर्षांपूर्वी, कागद-पेन्सिलीवर!

आता पुण्यात परत येऊ. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९६२ मध्ये पुण्यातच उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था निघाली. ती आज पाषाणला आहे, आयआयटीएम.

जानेवारी २०२५ मध्ये याच संस्थेच्या सोफिया याकोब आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांचा पुण्यातल्या डेंग्यूवरचा अभ्यास आला. त्यात सापडलं काय? तापमान २७ अंशांच्या वर, पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ६० ते ७८ टक्के, आणि मध्यम, सलग पाऊस असला की डेंग्यूचे बळी वाढतात. उलट आठवड्यात १५० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तर डासांची अंडी-अळ्या वाहून जातात. म्हणजे आपण घाबरतो मुसळधार पावसाला, पण डेंग्यूला आवडते रिपरिप! या हिशेबावर साथीचा इशारा दोन महिन्यांपेक्षा जास्त आधी देता येतो, असं त्या अभ्यासाने दाखवलं. उष्णता अशीच वाढली, तर २०५० पर्यंत पुण्यातले डेंग्यूचे मृत्यू २३ ते ४० टक्क्यांनी वाढू शकतात, असंही त्यात आहे.

पण यंत्राला नुसता पाऊस पुरत नाही, आजारपणाची नोंदही लागते. पुण्याच्या आरोग्य विभागाने आकडे दिले, म्हणून हे जमलं.

आता चाकणला या. एमआयडीसीच्या आजूबाजूला एकेका खोलीत चार-पाच पोरं राहतात. मीही तसा राहिलोय. पाण्याचा भरवसा नाही, म्हणून दारात ड्रम. डेंग्यूचा डास वाढतो तो अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात, नाहीतर पाऊस साचलेल्या टायरमध्ये. आमच्या खोलीतल्या एकाला ताप आला. त्याने दोन दिवस गोळ्या खाल्ल्या, तिसऱ्या दिवशी गावची एसटी धरली. पुढे तिकडे डेंग्यू निघाला. चाकणच्या हिशेबात तो ताप कधी आलाच नाही. अशा किती जणांचा येत नसेल? आणि जो ताप मोजलाच नाही, त्याचा अंदाज कुठलं यंत्र देणार?

१८९७ मध्ये माणसं घरातला आजारी लपवायची, कारण नोंद म्हणजे छावणी. आज तशी भीती नाही. दोन महिने हातात असतील, तर आरोग्यसेविका दार वाजवून, नीट विचारून ड्रम तपासू शकते, दवाखान्यात खाटा तयार राहू शकतात. पण आपली नोंद आपणच करायला हवी.

तेव्हा यंदा रिपरिप लागली की आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. ड्रम रिकामा करून आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटून असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. ताप आला तर सुट्टी बुडेल म्हणून अंगावर काढू नका. सरकारी दवाखान्यात रक्त तपासा आणि पत्ता लिहिताना गावचा नको, चाकणच्या खोलीचा द्या.

हा भाग रूममेटला नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!