दीर्घिकासमूहांचे वस्तुमान : अरुंधती केश ते सरस्वती

पुण्याच्या आयुका व आयसर या संस्थांतील संशोधकांनी, जयदीप बागची यांच्या नेतृत्वाखाली, मीन राशीच्या दिशेस सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरील एक दीर्घिका-महासमूह जुलै २०१७ मध्ये जाहीर केला व त्यास ‘सरस्वती’ हे नाव दिले. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे २ कोटी अब्ज पट ठरविण्यात आले. असल्या आकड्यांमागील मूळ युक्तीचा इतिहास मोठा वादग्रस्त आहे.

इ. स. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी याने अरुंधती केश या तारकासमूहातील दीर्घिकागुच्छास व्हिरियल प्रमेय लावले. समतोल पावलेल्या समूहात गतिज ऊर्जेची दुप्पट ही गुरुत्वीय स्थितिज ऊर्जेच्या परिमाणाइतकी असते. म्हणून ताम्रसृतीवरून वेगांचे विचलन आणि गुच्छाची त्रिज्या कळली की वस्तुमान हाती येते. वेगांतील फरक सेकंदाला १,००० किलोमीटरच्या घरात निघाला. तेवढ्या वेगाच्या दीर्घिका बांधून ठेवण्यास प्रकाशमान द्रव्याच्या ४०० पट घनता हवी, असे झ्विकीने मांडले. हा आकडा फुगलेला होता. हबल स्थिरांक त्या काळी ५५८ धरला जाई. तो ७० धरल्यास हे गुणोत्तर आठपटीने उतरते. तथापि उरलेली सुमारे ५० पट तफावत दुर्लक्षिण्याजोगी खचितच नव्हती.

द्रव्य अदृश्य आहे, की समतोलाचे गृहीतच चुकीचे? हे समूह फुटून विखुरत आहेत, असे व्हिक्टर अंबार्तसुम्यान याचे मत होते व १९६१ च्या सांता बार्बरा येथील परिषदेत त्यावर पुष्कळ खल झाला. ही शंका पोरकट नव्हती. परंतु बंधन नसते तर असा गुच्छ १०० कोटी वर्षांच्या सुमारास विस्कटला असता. त्यातील दीर्घिका मात्र त्याहून कितीतरी जुन्या आहेत. पुढे क्ष-किरण देणारा तप्त वायू व गुरुत्वीय भिंगे यांच्या स्वतंत्र साक्षीने कृष्णद्रव्याचा पक्ष बळावला.

सरस्वतीच्या बाबतीत अंबार्तसुम्यानचा प्रश्न निराळ्या रूपाने पुन्हा उभा राहतो. तिचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षांचा. सेकंदाला १,००० किलोमीटर वेगाने तो ओलांडण्यास १८,००० कोटी वर्षे लागतील, आणि विश्वाचे वय अवघे १,३८० कोटी वर्षे! समतोल येण्यास अवसरच मिळालेला नाही; म्हणून हे प्रमेय तिच्यातील एकेका गुच्छास लावता येईल, समग्र महासमूहास नव्हे. गाभ्याविषयी पुण्याच्या संशोधकांनी गोलाकार आकुंचनाच्या प्रतिमानाचा आधार घेतला असून, तेवढा भाग स्वतःच्या गुरुत्वाने आत ओढला जात असावा, असे त्यांचे अनुमान आहे.