धुराचा धनी कोण? चंद्रपूरची हवा, यंत्राची बुद्धी आणि मोजण्याचा हक्क

16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या तारखेला आपण चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जमतो. नेमका तोच काळ पाऊस सरून थंडी लागण्याचा. थंडीत जमिनीलगतची हवा वर चढत नाही आणि चिमण्यांचा धूर, रस्त्याची धूळ खालीच साचून राहते. आपण अभिवादनाला येतो ते हा धूर छातीत घेत.

आता या धुराचा आगाऊ अंदाज न्यूरल नेटवर्क नावाची संगणकीय पद्धत देईल आणि तो कुठून आला हेही सांगेल, असे म्हटले जाते. आमचा विज्ञानाला विरोध नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. हे यंत्र शिकणार कोणाच्या नोंदींवर?

आधी इतिहास पाहू. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना वीज हे खातेही बाबासाहेबांकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, त्याशिवाय गरिबी हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. पण तेच बाबासाहेब डिसेंबर 1943 मध्ये झरियाच्या कोळसा खाणींवर गेले, कामगार कसे राबतात आणि कसे राहतात ते त्यांनी स्वतः पाहिले, आणि 1944 मध्ये खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. वीज हवीच, पण तिची किंमत मजुराच्या देहातून वसूल होता कामा नये, हा त्यातला धडा.

चंद्रपुरात यातला पहिला अर्धा भाग अमलात आला, दुसरा राहून गेला. 1973 मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. 1980 च्या दशकात महाऔष्णिक वीज केंद्राचे संच सुरू झाले. आज त्याची क्षमता 2,920 मेगावॅट आहे. जोडीला सिमेंट, कागद आणि स्पंज आयर्नचे कारखाने आले. वीज राज्यभर गेली, राख आणि धूर इथेच राहिला. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या 88 औद्योगिक क्षेत्रांचा निर्देशांक काढला. त्यात चंद्रपूर 83.88 गुणांसह चौथे आले. खाणीच्या आणि चिमणीच्या कडेला कोणाच्या वस्त्या असतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आता यंत्राकडे वळू. मेंदूतल्या पेशीचे पहिले गणिती प्रारूप मॅककलक आणि पिट्स यांनी 1943 मध्येच मांडले. त्या कल्पनेतून न्यूरल नेटवर्क घडले. त्याला मागच्या अनेक वर्षांच्या नोंदी दिल्या जातात: वाऱ्याची दिशा, तापमान, आर्द्रता, कालचे धूलिकण. प्रत्येक चुकीनंतर ते आपले आकडे थोडे सुधारते. असे हजारो वेळा झाले की उद्याची हवा कशी असेल याचा बरा अंदाज ते देते. दमेकऱ्याला किंवा शाळेला आदल्या दिवशी इशारा मिळत असेल तर ते आपल्या फायद्याचेच आहे.

स्रोत शोधणे मात्र वेगळे काम आहे. त्यासाठी गाळणीवर धूळ गोळा करून तिचे रसायन तपासतात. उडत्या राखेत सिलिकॉन आणि अॅल्युमिनियम, सिमेंटच्या धुळीत कॅल्शियम, लोहखनिजात लोह, लाकडाच्या धुरात पोटॅशियम जास्त सापडते. धुळीची ओळख अशी पटते. हे न करता नुसत्या आकड्यांवरून यंत्राने कोणाकडे बोट दाखवले, तर तो पुरावा ठरत नाही. दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या म्हणून एक दुसरीचे कारण होत नाही.

‘यंत्राला जात नसते’, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण मापन केंद्र कुठे बसवायचे हे माणूस ठरवतो. केंद्र शहरात बसले आणि खाणीलगतच्या गावात नाही, तर त्या गावचा श्वास यंत्राच्या हिशेबात येतच नाही. एटापल्लीच्या सुरजागडवरून लोहखनिजाचे ट्रक निघतात. त्या रस्त्यावरच्या गावात धूळ मोजलीच नाही, तर यंत्र गडचिरोलीची हवा स्वच्छच समजणार.

आणि दोष कोणावर येणार? इतिहास बघा. 1878 च्या वन कायद्याने जंगल सरकारचे झाले आणि वणव्यांचा गुन्हेगार आदिवासी ठरला. आजही चूल, शेकोटी, मोहफुलांसाठी जाळलेला पालापाचोळा हे पटकन नजरेत भरते. त्यांचाही धूर असतो, आम्ही नाकारत नाही. पण चुलीचा धूर मोजायचा आणि चिमणीचा मात्र कंपनीच्या कागदावरून घ्यायचा, हा न्याय नव्हे. औष्णिक केंद्रांसाठी 2015 मध्ये उत्सर्जनाचे कडक नियम आले. मुदत 2017 ची होती. पुढे ती पुन्हा पुन्हा वाढवली गेली. चूल पेटवणाऱ्या बाईला अशी मुदतवाढ कधी मिळाली आहे का?

महाड आठवा. 1923 मध्ये बोले ठराव झाला, 1924 मध्ये नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. कागदावर हक्क होता, पण पाण्याला हात लावायला 20 मार्च 1927 उजाडावे लागले. हवेचेही तसेच आहे. 2009 पासून सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे 40 मायक्रोग्रॅम आहे. 2019 पासून राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत चंद्रपूर आहे. हक्क पुन्हा कागदावरच आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. खाण, राखेचे तलाव आणि खनिजाचे रस्ते यांच्या कडेच्या प्रत्येक मोठ्या वस्तीत मापन केंद्र बसवा. चिमण्यांच्या ताशी नोंदी मराठीत जाहीर करा. यंत्र वापरायचे तर ते कोणत्या नोंदींवर शिकले, किती वेळा चुकले, हे ग्रामसभेपुढे ठेवा. धुळीच्या रासायनिक तपासणीशिवाय कोणत्याही वस्तीवर ठपका ठेवू नका.

आणि तरुणांनो, काम आपल्यालाही आहे. मेंढा-लेखाने अभ्यासगट चालवून आपल्या जंगलाची माहिती स्वतः गोळा केली आणि 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. आपल्यातल्या संगणक शिकलेल्या पोरापोरींनी हवेच्या नोंदी घ्याव्यात, माहितीच्या अधिकारात आकडे मागावेत, ते विहारात बसून लोकांना समजावून सांगावेत. बाबासाहेबांनी सांगितलेल्या तीन शब्दांत ‘शिका’ हा पहिला आहे. आज शिकण्यात धूर मोजणेही आले.

जय भीम!