पोलिसाचें पहिलें पिस्तुल

पदवी पदरांत पडल्यावर पोलीस खात्यांत शिरण्याची आकांक्षा धरणारे चार-दोन तरुण आमच्या वर्गांतून दरवर्षीं बाहेर पडतात. फौजदाराच्या परीक्षेचीं पुस्तकें त्यांच्या काखेंत असतात. पण तोंडीं विषय पुस्तकांचा नसून पिस्तुलाचा असतो. कोणतें बरें, किती गोळ्यांचें, ऑस्ट्रियाचें कीं आपल्या कारखान्याचें, हा त्यांचा वाद आम्हीं अनेकदां ऐकला आहे. अमेरिकेंतील तरुणांनीं असा वाद घालणें स्वाभाविक होय. तिकडे पुष्कळ शहरांच्या पोलीस खात्यांत नवशिक्यानें मंजूर यादींतून आपलें शस्त्र स्वतः निवडावयाचें असतें, आणि कित्येक ठिकाणीं तें पदरच्या पैशानें विकतहि घ्यावयाचें असतें. आपल्याकडे हा प्रश्न उमेदवारास कोणी विचारीतच नाहीं. येथें पोलिसाचें पहिलें पिस्तुल सरकार निवडतें, नोंदवहींत सही घेऊन देतें आणि सही घेऊन परत घेतें. ही रीत सोयीसाठीं पडलेली नाहीं. तिच्यामागें दीडशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि तो बराचसा अविश्वासाचा इतिहास आहे.

मीरा-भाईंदरच्या वाचकाला तो दूर जाऊन शोधावयास नको. साष्टीच्या या उत्तर टोंकाला खाडीवर घोडबंदरचा किल्ला उभा आहे. पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज या तिघांचीं शस्त्रें या मुलुखानें पाहिलीं. सन १७३७ मध्यें साष्टी मराठ्यांनीं घेतली, १७७४ मध्यें इंग्रजांनीं. पुढें मुंबई शहरासाठीं निराळें पोलीस खातें आणि बाहेरच्या मुलुखासाठीं जिल्हा पोलीस अशी वांटणी झाली. १८९० च्या जिल्हा पोलीस कायद्यानें ती पक्की केली. भाईंदर ठाणें जिल्ह्यांत पडलें आणि शहर कितीहि वाढलें तरी २०२० पर्यंत तेथील पोलीस ठाणें ग्रामीण दलाकडेच राहिली.

पोलिसाच्या हातीं काय द्यावें या प्रश्नाचीं इंग्रजांपाशीं दोन उत्तरें होतीं. एक स्वतःच्या घरचें होतें. सन १८२९ मध्यें रॉबर्ट पीलनें लंडनचें पोलीस दल उभारलें तेव्हां त्याच्या शिपायाला बंदूक दिली नाहीं. एक दंडुका दिला. शिपाई हा नागरिकांपैकींच एक आहे असें लोकांना वाटावें, हा त्यांतील हेतु. दुसरें उत्तर आयर्लंडांत तयार झालें. तेथील कॉन्स्टॅब्युलरी बराकींत राही आणि बंदुका बाळगी. हिंदुस्थानांत या दोहोंचें मिश्रण झालें. सांगाडा आयरिश, पण सामान्य शिपायाच्या हातीं लाठी. वरवर पाहतां लंडन आणि ठाणें यांत फरक नाहीं. परंतु लंडनचा शिपाई निःशस्त्र राहिला तो लोकांनीं त्याच्यावर विश्वास ठेवावा म्हणून. ठाण्याचा शिपाई निःशस्त्र राहिला तो सरकारचा त्याच्यावर विश्वास नव्हता म्हणून.

हें आमचें विधान कोणास कडक वाटेल. त्यानें १८५७ नंतरचा शस्त्रव्यवहार पाहावा. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ चा हत्यारांचा कायदा झाला आणि परवान्यावांचून शस्त्र बाळगणें हिंदी माणसाला गुन्हा ठरलें. युरोपियनांना मात्र त्यांतून सूट होती. खुद्द सरकारी नोकरांच्या शस्त्रांतहि हीच दृष्टि दिसते. ईशापूरच्या कारखान्यांत लष्करी ३०३ ची रायफल कापून-कोरून ०.४१० इंची, आंतून गुळगुळीत नळीची, एका वेळीं एकच गोळी मावणारी बंदूक तयार करीत. ती तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना आणि पोलिसांना दिली जाई. उद्यां हा शिपाई फितूर झाला तर त्याच्या बंदुकींत लष्करी काडतूस बसूं नये आणि त्याचा नेम लांब पोंचूं नये, याची तजवीज शस्त्र बनवितांनाच केलेली! कारागिरांनीं शस्त्र अधिक चांगलें करण्यासाठीं खपावें ही जगाची रीत. येथें तें बेताचें वाईट करण्यासाठीं कारागिरी खर्ची पडली.

पिस्तुल किंवा रिव्हॉल्व्हर हें तर अधिकाऱ्याचें लेणें. साहेबाच्या कमरेला बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचें रिव्हॉल्व्हर लटकत असे. ब्रिटिश लष्करानें तें १८८७ मध्यें स्वीकारलें. वरची पट्टी सोडून तें मधोमध मोडलें कीं सहाहि रिकामीं काडतुसें एकदम बाहेर उडत. पुढें ०.३८ इंची वेब्ली आणि एनफील्ड आलीं, आणि आपल्या फौजदारांच्या कमरेला तीं पिढ्यान् पिढ्या राहिलीं. रिव्हॉल्व्हर इतकीं वर्षें टिकलें याचें कारण त्याच्या साधेपणांत आहे. एखादें काडतूस फुसकें निघालें तर पुन्हां घोडा दाबावा; चक्र फिरून पुढचें काडतूस नळीसमोर येतें. स्वयंचलित पिस्तुलाचें काडतूस अडकलें कीं दोन्ही हातांनीं वरचा सरकता भाग मागें ओढून तें बाहेर काढावें लागतें, आणि तें अंधारांत, घाबरलेल्या बोटांनीं जमण्यास सराव लागतो. वर्षांतून एखादे वेळीं गोळी झाडणाऱ्या माणसाला रिव्हॉल्व्हर क्षमा करतें, पिस्तुल करीत नाहीं. अमेरिकेंत थिओडोर रूझवेल्ट हे न्यूयॉर्कचे पोलीस कमिशनर असतांना, १८९६ मध्यें, त्यांनीं सर्व शिपायांना एकाच जातीचें, ०.३२ इंची कोल्ट रिव्हॉल्व्हर ठरवून दिलें तेव्हां नेमबाजीच्या शिक्षणाचीहि सोय केली. शस्त्राबरोबर शिक्षणहि दिलें पाहिजे, हें त्यांना तेव्हांच उमगलें होतें.

याच सुमारास महाराष्ट्रांत पिस्तुल निराळ्याच हातांत दिसूं लागलें. ता. २२ जून १८९७ रोजीं पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनीं रँड व आयर्स्ट यांवर गोळ्या झाडल्या. बारा वर्षांनीं नाशकांत जें घडलें तें आमच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक बोलकें आहे. सन १९०६ मध्यें पुण्याजवळ भांबुर्ड्यास पोलीस अधिकाऱ्यांचें शिक्षण देणारी शाळा निघाली होती. ती १९०९ मध्यें नाशिकला नेण्यांत आली. त्याच वर्षीं लंडनहून विनायकराव सावरकर यांनीं चतुर्भुज अमीन याच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलें पेटीच्या चोरकप्प्यांतून इकडे धाडलीं. आणि ता. २१ डिसेंबर रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत, 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाच्या वेळीं, अनंत कान्हेरे या विद्यार्थ्यानें कलेक्टर जॅक्सन यांना त्याच जातीच्या पिस्तुलानें ठार केलें. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशी दिलें. ज्या गांवीं पोलिसांची शाळा आली त्याच गांवीं, त्याच सालीं, पोलिसांच्या वेब्लीपेक्षां नव्या पद्धतीचें स्वयंचलित शस्त्र एका कोंवळ्या मुलाच्या हातीं होतें. सरकारनें यावरून कोणता धडा घेतला? शिपायाला अधिक चांगलें शस्त्र द्यावें हा नव्हे. शस्त्रावरचें कुलूप अधिक पक्कें करावें हा.

स्वराज्य आलें, पण कुलूप तसेंच राहिलें. शस्त्रें मात्र देशी झालीं. कानपूरच्या कारखान्यानें ०.३८ ची रिव्हॉल्व्हरें दिलीं. ईशापूरनें ब्राउनिंगच्याच नमुन्यावर तेरा गोळ्यांचें नऊ मिलिमीटरी पिस्तुल दिलें. सन १९५९ च्या नव्या हत्यार-कायद्यानें गोरा-काळा हा भेद पुसून टाकला. परंतु शस्त्र हें परवान्याचें, आणि परवाना हा मेहेरबानीचा, ही मूळ बैठक हलली नाहीं. मध्यंतरीं मुंबईंत गुंडांच्या टोळ्यांशीं पोलिसांच्या चकमकी गाजल्या आणि अधिकाऱ्याच्या कमरेच्या पिस्तुलाला सिनेमानें एक प्रकारचें तेज चढविलें. तरुणांच्या वादाचें मूळ बहुधा तेथेंच असावें. त्या तेजांत रस्त्यावरचा लाठीवाला शिपाई कोणास दिसलाच नाहीं.

तो दिसला २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं. छत्रपति शिवाजी टर्मिनसवर अजमल कसाब आणि अबू इस्माईल हे एके-४७ घेऊन उतरले, तेव्हां तेथील कांहीं शिपायांच्या हातीं दर गोळीला खटका ओढावा लागणाऱ्या जुन्या ३०३ च्या रायफली होत्या. तेथून ते दोघे कामा रुग्णालयांत शिरले. मध्य मुंबईचे अतिरिक्त पोलीस आयुक्त सदानंद दाते हे थोडक्या माणसांनिशीं त्यांच्या मागें जिना चढून गेले. वरून हातबाँब आले. फौजदार प्रकाश मोरे आणि शिपाई विजय खांडेकर तेथें पडले. दाते स्वतः जबर जखमी झाले, तरी सहाव्या मजल्यावरून हटले नाहींत. पिस्तुलाचा भरंवसा पन्नास पावलांपलीकडे थोडाच असतो. एके-४७ ला तीनशें मीटर म्हणजे कांहींच नव्हे. हा फरक ज्यांच्या अंगावर आला त्यांना तो कोष्टकांतून शिकावा लागला नाहीं. त्यानंतर रंगभवनाजवळच्या गल्लींत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे मारले गेले.

मध्यरात्रींनंतर गिरगांव चौपाटीवर नाकाबंदीवाल्यांनीं मारेकऱ्यांची मोटार अडविली. त्यांच्यापाशीं मुख्यतः लाठ्या होत्या आणि कांहीं अधिकाऱ्यांपाशीं लहान शस्त्रें. पोलिसांच्या गोळ्यांनीं इस्माईल पडला. कसाबनें बंदूक रोखली तेव्हां सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनीं तिची नळी दोन्ही हातांनीं धरली आणि गोळ्या स्वतःच्या देहांत घेतल्या. सोडली मात्र नाहीं. म्हणून कसाब जिवंत हातीं आला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालें आणि त्यांच्या धैर्याचें कौतुक सर्वांनीं केलें. तें करावेंच. परंतु शौर्यकथा सांगून झाल्यावर एक रोकडा प्रश्न उरतो. सात सागरांपलीकडील शहरांत जो माणूस नोकरीच्या पहिल्या दिवशीं शस्त्र घेऊन बाहेर पडतो, त्याच्याच जोडीचा आमचा माणूस इतक्या वर्षांच्या सेवेनंतर अशा रात्रीं लाठीनिशीं कां उभा होता? लाठी त्यानें निवडली नव्हती. ती १८५७ नंतरच्या कोणा धास्तावलेल्या साहेबानें त्याच्यासाठीं निवडून ठेविली होती.

त्या रात्रीनंतर सरकारनें राम प्रधान यांची समिति नेमली. काडतुसांच्या टंचाईमुळें पोलिसांच्या नेमबाजीच्या सरावांत पडलेल्या खंडाकडे तिनें लक्ष वेधलें. आमच्या मतें प्रश्नाचें मर्म येथें आहे. शस्त्रें आलीं. पुढच्याच वर्षीं 'फोर्स वन' हें खास दल उभें राहिलें आणि त्याला ऑस्ट्रियाचीं ग्लॉक पिस्तुलें मिळालीं. सतरा गोळ्यांचें हें पिस्तुल ऑस्ट्रियन लष्करानें १९८२ मध्यें स्वीकारलेलें आहे. सांगाडा टणक प्लास्टिकचा, बाहेर निराळा सुरक्षा-खटका नाहीं. तो चापांतच बसविलेला. म्हणजे बोट चापावर केव्हां ठेवावें आणि केव्हां ठेवूं नये हें ज्याला रक्तांत भिनलें आहे त्याच्यासाठींच हें शस्त्र आहे. तें भिनण्यासाठीं शेंकडों गोळ्या झाडाव्या लागतात. आणि आपल्याकडे सरावाच्या रिकाम्या काडतुसाचाहि हिशेब द्यावा लागतो.

येथें अमेरिकेचा अनुभव पाहण्याजोगा आहे. सन १९८६ मध्यें मायामी येथें दोन दरोडेखोरांशीं झालेल्या चकमकींत तेथील केंद्रीय गुप्तपोलिसांचे दोन अधिकारी ठार झाले. दोष नऊ मिलिमीटरी गोळीवर ठेवण्यांत आला. मोठी गोळी आणली. ती हाताला झेपेना म्हणून जरा लहान, ०.४० इंची आणली. आणि जवळजवळ तीस वर्षांनीं, २०१५ च्या सुमारास, ते पुन्हां नऊ मिलिमीटरवरच आले. मधल्या काळांत गोळ्या सुधारल्या होत्या हें खरें. पण लहान धक्क्याच्या शस्त्रानें बहुतेकांचा नेम अधिक चांगला लागतो, हेंहि त्यांच्या ध्यानांत आलें होतें. ज्या देशांत दुकानांतून पिस्तुल निवडतां येतें त्या देशानें इतका खर्च करून हें शिकावें, ही मौजेची गोष्ट आहे. आम्हीं त्यांची रीत इकडे आणावी असें आम्ही म्हणत नाहीं. शिपायानें पदरचे पैसे घालून शस्त्र आणावें, म्हणजे गरिबाच्या मुलाचें संरक्षण श्रीमंताच्या मुलाहून हलकें. तें आपणांस नको. शस्त्र सरकारचें असावें हेंच योग्य. पण लांब हाताचा माणूस आणि आखूड बोटांची तरुणी या दोघांच्या हातीं एकच मूठ कोंबूं नये, आणि निवडीच्या वेळीं तें हातीं धरणाराला एक शब्द तरी विचारावा. आतां पोलीस भरतींत मुलींची संख्या लहान राहिलेली नाहीं. वेब्लीचा काळ त्यांना ठाऊकच नव्हता.

ता. १ ऑक्टोबर २०२० रोजीं मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालें. ठाणें आणि पालघर या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या या आयुक्तालयाचे पहिले आयुक्त म्हणून आले ते सदानंद दातेच. कामा रुग्णालयाच्या जिन्यांत हाताखालच्या माणसांच्या हातीं काय होतें आणि काय नव्हतें हें ज्यानें पाहिलें, त्याच्याकडे खाडीकांठच्या या शहराची घडी बसविण्याचें काम आलें.

त्या शहरांतला जो तरुण फौजदार होईल त्याचें शिक्षण नाशिकच्या त्याच जुन्या शाळेंत होईल. तिला आतां महाराष्ट्र पोलीस अकादमी म्हणतात. तेथें त्याच्या हातीं पहिलें पिस्तुल येईल तें क्रमांकासह, वहींत सही करून. नोकरींत स्थिरावल्यावर स्वतःचें म्हणून एखादें घ्यावयाची त्याला हौस वाटली, तर नऊ मिलिमीटर त्याला मिळणार नाहीं. तें खाजगी माणसाला मना आहे. बहुधा ०.३२ इंचीवर समाधान मानावें लागेल, आणि २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अशीं शस्त्रें दोनांहून अधिक ठेवतां येणार नाहींत. अर्ज मात्र त्याला पूर्वीप्रमाणें ठाण्याच्या कलेक्टर कचेरींत करावा लागणार नाहीं. तो आतां त्याच्या स्वतःच्याच आयुक्तालयांत द्यावयाचा आहे.