कोंबडीचा पैसा आणि ब्लॅकबर्नचं मैदान

भोर-वेल्ह्यात पोल्ट्रीची शेड असलेल्या शेतकऱ्याला पुण्याच्या 'वेंकीज'ची ओळख करून द्यावी लागत नाही. पण या कंपनीच्या राव कुटुंबाने नोव्हेंबर २०१० मध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला, हे किती जणांना ठाऊक आहे?

क्लब १८७५ चा. १९९५ ला तो इंग्लंडचा विजेता झाला, तोही पैशाच्या जोरावरच. पण ते मालक जॅक वॉकर तिथलेच पोलादवाले. नवे मालक पुण्यात. महिनाभरातच प्रशिक्षक सॅम अलार्डाइस यांना काढलं. २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून बाहेर पडला, तेव्हा निषेध म्हणून मैदानात चक्क जिवंत कोंबडी सोडली गेली. २०१७ ला संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला, पुढच्या वर्षी परत वर आला. एवढं होऊनही मालकांनी क्लब विकून हात झटकले नाहीत, हेही सांगायला हवं.

आपल्याकडे जत्रेच्या आखाड्यात पंच चुकले तर दुसऱ्या दिवशी पारावर जाब विचारता येतो. ब्लॅकबर्नच्या प्रेक्षकाचा मालक मात्र सातासमुद्रापार. म्हणून मला वाटतं, खेळात पैसा कुठलाही चालेल. उत्तर देणारा माणूस मात्र जवळ पाहिजे.