सामायिक खोली आणि परवान्याची बंदूक : शस्त्र अधिनियम, १९५९, कलम ३५ यावर भाष्य

कुहीसारख्या तालुक्याच्या गावी नोकरीनिमित्त आलेली माणसे दोघे-तिघे मिळून खोली घेतात. त्यात बँकेच्या दारावर स्वतःच्या परवान्याची बाराबोर घेऊन पहारा देणारा निवृत्त जवान असू शकतो, किंवा रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना काढलेला शेतकरी. अशा घरात कोणाचा हक्क कुठवर जातो आणि दोष कोणावर येतो, याचे उत्तर कलम ३५ च्या एकाच लांब वाक्यात आहे. त्याचा आशय तुकड्या-तुकड्याने पाहू.

१. ‘ज्या शस्त्राबाबत या अधिनियमाखाली गुन्हा घडला आहे...’

सगळ्या कलमाचा भार या शब्दांवर आहे. परवाना चालू असेल आणि त्याच्या अटी पाळल्या जात असतील, तर गुन्हा नाही. गुन्हा नाही तिथे कलम ३५ लागत नाही. शेजारच्या खाटेखाली कुलपात परवान्याची बंदूक आहे, एवढ्यावरून खोलीतला सोबती आरोपी होत नाही.

मात्र कायदेशीर बंदूक बेकायदा व्हायला वेळ लागत नाही. परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने ३ वरून ५ वर्षे झाली. ती संपून ताबा बेकायदा ठरला, की कलम २१ प्रमाणे बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. खोली बदलतानाही हेच भान हवे. ३० दिवसांहून अधिक काळ मुक्काम हलवून शस्त्र सोबत नेले, तर परवाना प्राधिकाऱ्यांना कळवावे लागते.

सर्वांत सहज घडणारी चूक सणासुदीची. गावी जाताना पेटीची किल्ली मित्राच्या हातात दिली जाते, “लक्ष ठेव” म्हणून. कलम ३ मधली सवलत अगदी अरुंद आहे : दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा परवानाधारकाचा स्वतःचा वापर यासाठी, त्याच्या समक्ष अथवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुसऱ्याला शस्त्र नेता येते. मित्रासाठी सांभाळणे त्यात बसत नाही. विनापरवाना बंदूक बाळगल्यास आता किमान २ आणि कमाल ५ वर्षे कैद आहे.

२. ‘...ते अनेकांच्या संयुक्त ताब्यातील किंवा नियंत्रणातील जागेत सापडल्यास...’

सामायिक स्वयंपाकघर, ओसरी, सर्वांचे एकच कपाट ही उघडच संयुक्त ताब्याची जागा. एकाच्याच किल्लीची पेटी वेगळी. ताब्याला जाणीव लागते, आणि वस्तू प्रत्यक्ष हातात नसली तरी तिच्यावर नियंत्रण लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७२) या निकालात सांगितले.

घरमालकाचे काय? खोली भाड्याने दिली की तिचा ताबा भाडेकरूचा. भाडे देणाऱ्या व अटी पाळणाऱ्या भाडेकरूला निर्वेध वहिवाटीचा हक्क मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०८ देते. संशय आला तर मालकाने ठाण्यात जावे. कुलूप तोडण्याचा अधिकार त्याला नाही. बळजबरीने बाहेर काढलेल्या भाडेकरूला विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली ६ महिन्यांत ताब्यासाठी दावा करता येतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. आपल्याकडे शस्त्र बाळगणे ही सरकारने दिलेली परवानगी आहे, मूलभूत हक्क नव्हे. घरात शस्त्र नको, अशी अट मालक करारात घालू शकतो. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचा काही भाग कुही तालुक्यात येत असल्याने आणखी एक बंधन येते : अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते.

३. ‘...ते तिथे असल्याची जाणीव होती असे मानण्यास कारण असलेली प्रत्येक व्यक्ती...’

हे शब्द निरपराधाचे संरक्षण आहेत. नुसते एका छपराखाली राहणे पुरेसे नाही. जाणीव होती असे मानायला कारण हवे. पण बंदूक भिंतीला टेकवलेली रोज दिसत असेल, तर “मला ठाऊक नव्हते” हे कोण मानील?

४. ‘...उलट सिद्ध न झाल्यास, जणू एकट्यानेच केल्याप्रमाणे जबाबदार.’

इथे ओझे फिरते. आपला संबंध नव्हता हे सोबत्याला दाखवावे लागते, आणि दोषाची वाटणी होत नाही. प्रत्येकावर तो पुरता येतो. सोबती पंचवीस वर्षांचा शिकाऊ शिक्षक असेल, तर त्याच्यासाठी हे ओझे म्हणजे नोकरीच पणाला लागणे.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे एवढेच : शस्त्राची गोष्ट भाडेकराराच्या वेळीच कागदावर यावी. परवान्याची प्रत, मुदतीची तारीख, पेटीची जागा आणि किल्ली कोणाकडे, हे मालक आणि सोबती यांना माहीत असावे. गावी जाण्याआधी बंदुकीची कायदेशीर सोय व्हावी. परवानाधारकाला यात गमावण्यासारखे काही नाही. त्याच्या बेफिकिरीची शिक्षा मात्र हा कायदा सोबत राहणाऱ्यालाही देऊ शकतो, आणि ज्याने बंदूक कधी मागितलीच नाही त्याला आधी सारे सांगणे हे परवानाधारकाचे कर्तव्यच आहे.