कडी लावलेलं दार

गिरगावात बेस्टच्या बसमधून ‘प्रार्थना समाज’ला उतरताना आपण एका संस्थेच्या नावावर पाय ठेवतोय, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ठाकूरद्वार, चर्नी रोड, तसंच हे. आज तुम्ही उतरा, पण लगेच चालू लागू नका. आपल्याला मागे जायचंय. आधी सिग्नल विझू द्या. मग विजेचे दिवे. मग १८६५ साली मुंबईत आलेले गॅसचे दिवे. आता उरला तो वाड्यांमधला अंधार आणि खोबरेलाच्या पणत्यांचा वास. साल १८५१.

तुम्ही अठरा वर्षांचे आहात. दिवसा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये न्यूटन शिकता, सकाळ-संध्याकाळ घरी संध्या करता. डोक्यावर पगडी, अंगात अंगरखा, पोटात गोळा. मित्र वीस पावलं पुढे चाललाय. दोघांनी एकत्र आत शिरायचं नाही, असं ठरलंय. वळणावर तो क्षणभर थांबतो.

“घरी काय सांगितलंस?”

“ग्रंथ वाचायला जातो म्हणून.”

“मग खोटं नाही बोललास. वाचायचंच आहे आधी.”

जिना चढून गेल्यावर जोडे बाहेर काढायला वाकता, तर आतून कुणीतरी हातानंच खुणावतं: आत घेऊन या. दाराबाहेर पंधरावीस जोडे दिसले, तर आत माणसं किती हे रस्त्यावरून मोजता येतं. तुम्ही आत जाता आणि मागे कडी लागते. खिडक्या बंद, उकाडा असह्य, समईभोवती घामेजलेले चेहरे. दोन चेहरे तुमच्या ओळखीचे निघतात. त्यांतला एक तुमच्याच आळीतला, सोवळं कडक पाळणारा म्हणून प्रसिद्ध. तो तुमच्याकडे पाहतो, तुम्ही त्याच्याकडे. दोघंही एकाच वेळी नजर खाली घालता.

ही परमहंस सभा. १८४४ साली सुरतेत दुर्गाराम मेहताजी आणि दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी मानवधर्म सभा काढली होती. तिचाच हा मुंबईतला, जास्त धीट आणि जास्त घाबरट अवतार १८४९ साली उभा राहिला. दादोबा म्हणजे तेच, ज्यांचं मराठी व्याकरण तुम्ही शाळेत घोकलंत. सभेचे अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर. ईश्वर एक, माणसाची जात एक, मूर्तिपूजा नको, एवढं सोपं त्यांचं म्हणणं.

प्रार्थना मराठीत होते. आपल्या बोलीत देवाशी बोलताना तुम्हाला थोडं ओशाळल्यासारखं वाटतं. मग कुणी निबंध वाचतो. तुमचं लक्ष निबंधात नाही, कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या ताटलीकडे आहे. शेवटी तुम्हाला उभं करतात. जातिभेद मानणार नाही, असं वदवून घेतात आणि ताटली पुढे येते. तिच्यात पाव आहे.

आज दोन घासांत संपणारी ही वस्तू जरा जवळून बघा. वरून तांबूस, कडेला फाटलेला, तळाशी भट्टीची राख. भाजलाय ख्रिस्ती भटारखान्यात. तुमच्या आजीच्या हिशेबी ताडीनं आंबवलेलं ते पीठ म्हणजे सरळ धर्मांतर. तुम्ही तुकडा तोडता. तो घशात अडकतो, कारण तोंड कोरडं पडलंय. पुढे पाण्याचा पेला येतो. पाणी मुसलमानाच्या हातचं. ते प्यायल्याशिवाय पाव खाली उतरत नाही आणि पाव उतरल्याशिवाय तुम्ही सभासद होत नाही.

आभाळ कोसळत नाही. आळीतले सोवळेवाले काका हळूच म्हणतात, “मिशीला कण लागलाय, पुसून घे. घरी दिसेल.”

हसू नका. या भीतीला कारण होतं. आठच वर्षांपूर्वी, १८४३ मध्ये, मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण पोराला परत जातीत घेण्यावरून मुंबई-पुण्यात रान पेटलं होतं. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले, तर त्यांनाही लोकांनी सोडलं नाही. बहिष्कार म्हणजे न्हावी येणार नाही, बहिणीचं लग्न मोडणार, बाप मेला तर खांदा द्यायला चार माणसं मिळणार नाहीत.

त्याच १८४३ साली मुंबईत आणखी एक कडीबंद दार उघडलं होतं. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना इथल्या गोऱ्या फ्रीमेसनांनी आपल्यात घ्यायला नकार दिला. ते पॅरिसला जाऊन दीक्षा घेऊन आले. मग डॉ. जेम्स बर्न्स यांनी हिंदी लोकांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ नावाचा लॉज काढला. शपथा, खुणा, बंधुभाव सगळं तिथंही. अशा लॉजला उत्तरेकडे लोक जादूघर म्हणत. पण लॉजचा पत्ता गावाला माहीत होता. माणकजींनी १८६३ मध्ये कोटात मुलींची इंग्रजी शाळा काढली तीही आपल्या नावानिशी. तुमच्या सभेला पाटी लावता येत नाही, आणि पाटी लावता येत नसेल तर शाळा कशी काढणार?

मला या मंडळींचा राग येतो तो इथं. त्यांतले कितीतरी जण बाहेर मास्तर, लेखक, डॉक्टर म्हणून भरपूर काम करत होते. पण सभा म्हणून? घरी परतताना चूळ भरायची, की झाली क्रांती. त्या खोलीत बाईमाणूस नाही. स्वयंपाकघरातलं सोवळं जसंच्या तसं. हजार सभासद झाले की सगळं जाहीर करायचं, असा बेत असल्याचं सांगतात. सभेतले बाबा पदमनजी इतके दिवस थांबले नाहीत. १८५४ मध्ये त्यांनी उघड बाप्तिस्मा घेतला. तुम्ही मात्र थांबलात.

आणि १८६० मध्ये सभेची कागदपत्रं चोरीला गेली. नावं फुटली.

गावभर एकच प्रश्न: यादीत कोण कोण? तुमच्या वडिलांनी तुम्हाला माजघरात बोलावलंय. ते ओरडत नाहीत. “तुझं नाव आहे का रे त्यात?” एवढंच विचारतात. तुम्ही काय उत्तर दिलंत ते मी इथं लिहीत नाही. सभा मात्र विस्कटली ती कायमची.

गंमत अशी, की त्याच वर्षी विहार तलावाचं पाणी नळानं मुंबईत आलं. एकच तलाव, एकच नळ, आणि पिणारे सगळे. बंद खोलीत एका पेल्यासाठी केवढा जीव मुठीत धरला होता तुम्ही!

पुढची सात वर्षं भराभर जाऊ द्या. ३१ मार्च १८६७ रोजी दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग प्रार्थना समाज स्थापन करतात. देव तोच, विचार बरेचसे तेच, फक्त कडी नाही. पाव खाण्याची सक्तीही नाही. जातीचं ज्यानं त्यानं पाहावं. जुन्या परमहंसांना हे पाणचट वाटलं असेल तर नवल नाही, आणि ते अगदीच चूक होतं असंही नाही. १८९० मध्ये पुण्यात पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमधल्या चहाला गेलेल्यांची यादी वर्तमानपत्रात छापून आली, आणि समाजाचे मोठे आधारस्तंभ न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं. यादीची दहशत तीस वर्षांनीही तितकीच होती.

पण या पाणचट समाजाला पाटी लावता आली. १८७४ मध्ये गिरगावात मंदिर उभं राहिलं. पंढरपुरात टाकून दिलेल्या पोरांसाठी बालकाश्रम निघाला. फसलेल्या विधवा पोटातलं ओझं घेऊन विठोबाच्या गावी येत, आणि मागे राहिलेल्या बाळाची जात कोण विचारणार? १९०६ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी परळमध्ये अस्पृश्य मुलांची शाळा उघडली ती याच समाजातून पुढे येऊन.

शेवटचा थांबा थोडा मागे, १८७६. समाजानं कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढलीय आणि तुम्ही, आता त्रेचाळिशीचे, तिथं बाराखडी शिकवताय. समोर गिरणीतून थेट आलेले दहाबारा जण, केसांत कापसाचे तंतू. ‘ठ’ काही केल्या गोल येत नाही. एक जण पाटी खाली ठेवतो, कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून पितो आणि तोच पेला पुन्हा भरून तुमच्यापुढे धरतो.

“घ्या मास्तर, घसा बसलाय तुमचा.”

तुम्ही त्याची जात विचारलेली नाही. पेला हातात घेता आणि जुन्या सवयीनं नजर दाराकडे जाते. दार सताड उघडं आहे, आणि रस्त्यावरून जाणारा एक जण आत डोकावून बघतोय.