सोंडेची सुसर

यावलहून दक्षिणेला गेले की तापी लागते. लहानपणी पर्वणीच्या स्नानाला आम्ही बैलगाडी जुंपून तिच्या काठी जात असू. डोहाकडे माझे पाय वळले रे वळले की आजीची हाक येई : "पुढं जाऊ नको बाबा, तिथं सोंडेची सुसर आहे."

पुढे मी हायस्कुलात गेलो आणि चार बुके वाचून शहाणा झालो. एका सुट्टीत भरल्या ओसरीवर आजीला म्हणालो, "सुसरीला सोंड नसते. तू आम्हांला खोटं सांगत होतीस." आजी रागावली नाही. मुक्ताबाईच्या वारीला चालत जाणारी बाई ती. वातीचा कापूस वळता वळता तिने एवढेच विचारले, "मग विठोबाच्या कानात काय आहे रे?"

मला उत्तर आले नाही. त्याच वर्षी आजी गेली. उत्तर सापडले तेव्हा ते ऐकायला ती नव्हती.

विठोबाच्या कानात मकरकुंडले आहेत, हे कोणताही वारकरी सांगेल. पण मकर म्हणजे कोण? तो कोणत्याही नदीत नाही आणि समुद्रातही नाही. त्याला सुसरीचा जबडा, हत्तीची सोंड आणि माशाचे शेपूट. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या बिहारमधील लोमश ऋषी गुहेच्या कमानीवर हत्तींची रांग कोरली आहे. तिच्या दोन्ही टोकांना मकर आहेत. त्यानंतरच्या शतकातल्या भारहूतच्या कठड्यावरही तो आहे, आणि त्याच्या सोबतीला माशाच्या शेपटीचे हत्तीही आहेत. जमिनीवर जो प्राणी आहे त्याचा भाऊबंद पाण्यातही असणार, अशी ही समजूत. ती एकट्या आपलीच नव्हे. पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीनेही ती आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे.

आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी वेरूळचे कैलास लेणे कोरविले. तिथल्या नदीदेवतांच्या मंदिरात यमुना कासवावर आणि गंगा मकरावर उभी आहे. त्या मकरापुढे मी प्रथम उभा राहिलो तेव्हा मला आजीचा डोह आठवला. पुढच्या काळातल्या देवळांत मकराच्या शेपटीची पानेफुले झाली, त्याच्या मुखातून तोरणे निघाली, आणि गाभाऱ्यातले अभिषेकाचे पाणी त्याच्याच तोंडावाटे बाहेर पडू लागले. जो पाण्यात ओढून नेतो, तोच पाणी देतो. ज्या खानदेशाने तापीचे पूर पाहिले आणि कोरडी पडलेली विहीरही पाहिली, त्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

सोंडेचा उलगडा असा झाला. सुसरीचा व्हायचा राहिला होता, आणि तो अधिक चकित करणारा निघाला. सुसर हा शब्द संस्कृत 'शिशुमारा'चा वंशज. त्याच शब्दाचा उत्तरेकडे 'सूंस' झाला, आणि सूंस म्हणजे गंगेतला डॉल्फिन. तो मासा नव्हे. तो पिलाला जन्म देतो, दूध पाजतो आणि श्वासासाठी पाण्यावर येतो. त्याची चोच लांब आणि डोळे जवळजवळ आंधळे; स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून तो वाट काढतो. अशोकाने राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर ज्या प्राण्यांना अभय दिले, त्यांत 'गंगापुपुटक' असे एक नाव आहे. ते ह्याच प्राण्याचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

तापीत हा प्राणी नाही. नाव मात्र आले आणि मगरीवर जाऊन बसले. ही अदलाबदल फार जुनी. माकडाचे काळीज मागणाऱ्या मगरीची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. पाली जातकात त्या प्राण्याचे नाव 'सुंसुमार' आहे, तर पंचतंत्रात तो 'मकर' आहे. त्या मकराचीच पुढे 'मगर' झाली. म्हणजे मराठीने ह्या एका जनावराला दोन नावे दिली, आणि दोन्ही उसनी : एक डॉल्फिनचे, दुसरे कधीच नसलेल्या प्राण्याचे!

आजीला ह्यातले काही ठाऊक नव्हते. पण अभंगातला मकर आणि डोहातली सुसर तिने दोन शब्दांत शेजारी आणून बसविली. पंडितांनी दोन हजार वर्षे जे केले त्याहून हे वेगळे नव्हते. आणि तिच्या धाकाने आम्हा भावंडांपैकी एकही त्या डोहात उतरले नाही, हेही सांगितले पाहिजे.

इ. स. २००९ मध्ये डॉल्फिन आपला राष्ट्रीय जलचर ठरला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार देशाच्या नद्यांत ते ६,३२७ उरले आहेत. दगडातल्या मकराला भीती नाही. ज्याचे नाव आम्ही उचलले, तो खरा प्राणी मात्र आता मोजावा लागतो.

हल्ली मी नातवंडांना तापीवर नेतो. धरणामुळे पाणी संथ असते. परवा धाकटी कडेला जाऊ लागली, तेव्हा नकळत माझ्या तोंडून गेले, "पुढं जाऊ नको, तिथं सोंडेची सुसर आहे." ती थबकली. मग वळून म्हणाली, "खोटं!"

मी तिला विचारले, "मग विठोबाच्या कानात काय आहे?"